बॉर्डर कॉली हुशार आहे, म्हणून ती सांभाळायला सोपी होत नाही

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार वेगवेगळ्या ग्रुपवर आलाय. त्यात म्हटलंय की नवरा-बायको दोघं नोकरीला आणि घरात लहान मुलं असतील तर बॉर्डर कॉली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड असलं मेंढपाळांचं कुत्रं घ्या, कारण ही जात जगात सगळ्यात हुशार, हजार शब्द शिकते, वेगळं ट्रेनिंग लागत नाही, मेंढरं सांभाळायची सवय रक्तातच असल्याने मुलांनाही सांभाळते, दोन वेळा वीस मिनिटं फिरवलं की झालं, आणि नाशिकची हवा थंड म्हणून लांब केसांचाही त्रास नाही. खाली पिल्लाचा फोटो, आणि तो इतका गोड की कुणालाही घ्यावंसं वाटेल.

मी एरवी असल्या मेसेजला उत्तर देत बसत नाही, पण माझ्या दादाने दोन वर्षांपूर्वी नेमका हाच विचार करून पाथर्डी फाट्याच्या टूबीएचकेमध्ये बॉर्डर कॉलीचं पिल्लू आणलं, आणि आज ती कुत्री, नाव झिपरी, गंगापूर रोडला माझ्याकडे आहे. त्यामुळे एकेक मुद्दा घेऊन बोलतेच.

आधी ते हजार शब्दांचं. हे खोटं नाहीये. अमेरिकेत चेसर नावाची बॉर्डर कॉली होती, तिला 1022 खेळण्यांची नावं ओळखता यायची, आणि त्यावरचा रिसर्च पेपर 2011 मध्ये आला. पण मेसेजमध्ये पुढची गोष्ट सांगितलेली नाही. तिला शिकवणारे जॉन पिली हे मानसशास्त्राचे रिटायर्ड प्रोफेसर होते आणि ते रोज चार ते पाच तास, असं तीन वर्षं, तिच्याबरोबर बसले. रोज चार तास! आपल्या घरात मुलाचा अभ्यास घ्यायला अर्धा तास मिळताना मारामार असते.

आणि तो 'नंबर एक'चा किताब, तो स्टॅन्ली कोरेन यांच्या 1994 च्या यादीतून आलाय. ती यादी कुत्र्यांना हुकूम पाळायला लावायच्या स्पर्धा असतात ना, त्यांच्या परीक्षकांना विचारून केली होती, म्हणजे त्यात मोजलं काय तर माणसाने सांगितलेलं कुत्रं किती लवकर शिकतं आणि किती वेळा ऐकतं. सांगणारा माणूस समोर असेल तर ही जात खरंच कमाल आहे. पण समोर कुणीच नसेल तर ती शिकायची थांबत नाही, स्वतःच्या मनाने शिकते. झिपरी शिकली ती फ्रिज उघडायला, बेल वाजायच्या आधी लिफ्टच्या आवाजावर भुंकायला, आणि भिंतीवर पडलेल्या उन्हाच्या कवडशामागे तासन्तास धावायला. हे कवडशाचं आधी सगळ्यांना गंमत वाटली, व्हिडिओ काढले, पण डॉक्टरांनी सांगितलं की हा खेळ नाही, डोक्याला काम नसलं की या जातीत अशी सवय लागू शकते आणि मग ती सुटता सुटत नाही. दादा अंबडला फर्स्ट शिफ्टला, वहिनी बँकेत, मुलं शाळेत आणि नंतर क्लासला, म्हणजे ती रोज सात-आठ तास एकटी. माया कमी नव्हती हो त्या घरात, वेळ नव्हता.

आता मुलांचा मुद्दा, आणि हा मला सगळ्यात धोकादायक वाटतो, कारण यात दोन वेगळ्या कामांचा घोळ झालाय. आपल्या भाषेत तर दोन्हीला वेगळे शब्द आहेत. गुरं वळणं वेगळं, राखण करणं वेगळं. पावसाळा संपल्यावर सिन्नरकडे जाताना रस्त्याला धनगरांचे कळप दिसतात, त्यांच्याबरोबरचं कुत्रं राखणीचं असतं, लांडगा किंवा बिबट्या आला तर अंगावर जाणारं, आणि मेंढरं वळवायचं काम धनगर स्वतः करतो, हाळी देऊन, शिट्टी मारून, काठीने. बॉर्डर कॉली राखणारी नाही, वळणारी आहे. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगरात तयार झालेली जात, आजच्या बहुतेक सगळ्या बॉर्डर कॉलींचं मूळ 1893 साली जन्मलेल्या ओल्ड हेम्प नावाच्या एका कुत्र्यापर्यंत जातं, आणि त्याचं नाव कशासाठी झालं तर न भुंकता, दबा धरून, नुसत्या नजरेने मेंढ्या हलवायच्या त्याच्या पद्धतीसाठी. आता हे सगळं मुळात शिकारीचं वागणं आहे. बघायचं, दबकत जायचं, पाठलाग करायचा, हे माणसाने पिढ्यानपिढ्या निवडून पक्कं केलं आणि शेवटचं पकडणं-मारणं तेवढं कमी केलं. कमी केलं, पुसलं नाही.

तर अशा कुत्रीसमोर पाच वर्षांचा मुलगा हॉलमध्ये ओरडत पळायला लागला की तिला तो कळपातून फुटलेलं कोकरू वाटतो. माझा पुतण्या पळाला की झिपरी आधी जमिनीला पोट टेकवून त्याच्याकडे टक लावायची, मग गोल फिरून आडवी यायची, आणि तो तरी थांबला नाही तर पिंडरीला दात लावायची. राग नाही, खुन्नस नाही, तिच्या मते ती ड्यूटी करत होती. पण दात ते दात. एकदा ओरखडा आला, रक्त नव्हतं, तरी पंधरा मिनिटं नळाखाली साबणाने धुवून लगेच दवाखान्यात नेलं, आणि त्याला रेबीजच्या सुया घ्याव्या लागल्या. वाढदिवसाला दहा-बारा मुलं घरी आली त्या दिवशी तिला बाथरूममध्ये बंद करून ठेवलं होतं आणि ती आतून तीन तास दार खरवडत होती, ते मला अजून आठवतं. मोठी, शांत मुलं असतील आणि सुरुवातीपासून शिकवलं असेल तर जमतं, जमलेली घरं आहेत. पण 'मुलं सांभाळते' म्हणून तिच्या भरवशावर मूल सोडायचं? कुठल्याच कुत्र्याच्या भरवशावर सोडू नये, हिच्या तर नाहीच.

वीस मिनिटांबद्दल फार बोलायला नको. ही कामाची कुत्री दिवसभर डोंगर चढते. पण याच्या उलटं, 'मग गच्चीवर बॉल फेकत राहा' हेही चुकतंय, कारण नुसतं पळवलं की तिचा दमसास वाढत जातो आणि उद्या तिला आणखी जास्त लागतं. थकवायचं डोकं. आमच्याकडे बाबा पहाटे साडेपाचला तिला घेऊन सोमेश्वरच्या बाजूला तासभर जातात, संध्याकाळी मी पाऊण तास, आणि मध्ये दोनदा दहा-दहा मिनिटं जेवणाचे दाणे घरभर लपवून शोधायला लावते. शिवाय 'जागेवर बस आणि काही करू नको' हेसुद्धा शिकवावं लागलं, त्याला सहा महिने गेले. बाबा रिटायर नसते आणि माझं काम घरून नसतं तर मला हे जमलं नसतं.

हवेचं म्हणाल तर नाशिक डिसेंबर-जानेवारीत थंड, हे खरंच. पण एप्रिल-मेमध्ये चाळीशीला टेकतो तेव्हा काय? कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकून अंग गार करतं. आणि ही जात कामात रंगली की ऊन लागलं तरी स्वतःहून थांबत नाही, थांबवावं आपल्याला लागतं. केस भादरून टाकणं हा उपाय नव्हे, दुहेरी केसांचा थर उन्हापासूनही थोडा बचाव करतो. पावसाळ्यात तेच केस दिवसभर ओले राहतात आणि गोचीड आत लपते. अजून एक, हे मेसेज लिहिणाऱ्याला माहीतही नसेल. कॉली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड यांच्यात एमडीआर1 नावाचा जनुकदोष बराच आढळतो (बॉर्डर कॉलीत क्वचित), त्याने आयव्हरमेक्टिनसारखं औषध मोठ्या डोसमध्ये मेंदूपर्यंत पोहोचून विषबाधा होऊ शकते. आणि आपल्याकडे गोचीड-खरजेला हेच इंजेक्शन सर्रास देतात. त्यामुळे डॉक्टरांना जात आधी सांगा.

'अल्सेशियनही मुळात मेंढपाळांचाच, तो चालतो ना आपल्याकडे?' असाही एक मुद्दा आहे. चालायचा, आमच्या आजोबांकडेही होता. पण तेव्हा अंगण होतं आणि घरात दिवसभर चार माणसं असायची.

मध्यंतरी इंदिरानगरच्या एका मैत्रिणीने हाच मेसेज पाठवून विचारलं, घेऊ का गं? दोघं आयटीत, मुलगी तीन वर्षांची. मी म्हटलं आधी महिनाभर कुत्र्याशिवायच पहाटे साडेपाचला उठून तासभर चालून ये, संध्याकाळी पुन्हा पाऊण तास, एकही दिवस न चुकवता. चौथ्या दिवशी तिचा फोन आला, जमत नाहीये. मग म्हटलं पिल्लू नको, दोन-तीन वर्षांचं गावठी बघ, मोठं कुत्रं असलं की स्वभाव आधीच कळतो, मुलीला घेऊन दोन-तीनदा भेटून या, ती पळाली की ते काय करतं ते नीट बघा. येत्या रविवारी आम्ही तिघी मिळून एका शेल्टरला चाललोय.