बरं झालं दुकान गेलं. पण हे मी म्हणायचं, तुम्ही नाही

फ्रीजर न्यायला आलेला माणूस दोरी आवळता आवळता म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका शेठ. देव करतो ते बऱ्यासाठीच करतो." आणि ६२ हजारांच्या फ्रीजरचे १८ हजार माझ्या हातावर टेकवून टेम्पोत जाऊन बसला. त्या फ्रीजरचे सात हप्ते तेव्हा फेडायचे होते. त्याच्यापुरतं ते वाक्य शंभर टक्के खरं होतं म्हणा. देवानं त्याचं बरंच केलं होतं.

ही २०२२ च्या दिवाळीची गोष्ट. वडिलांनी १९८१ मध्ये टाकलेलं किराणा दुकान मी पाडव्याच्या आठ दिवस आधी बंद केलं. दरवर्षी नव्या वहीवर हळदकुंकू, पहिल्या पानावर 'श्री', बाजूला धणे-गूळ आणि लाह्या-बत्तासे. त्या वर्षी नवी वही आणली नव्हती. आईनं उधारीचीच जुनी वही पाटावर ठेवली आणि तिला फूल वाहिलं. मेव्हणा म्हणाला, "दिवाळीत दिवाळं!" सगळे हसले. मीही हसलो आणि मग मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत बसलो.

चौकात मोठा मार्ट आला, पोरं मोबाइलवरून दूध-पाव मागवायला लागली, हे खरंच आहे. पण शेजारचा गाळा भाड्यानं घेऊन दुकान दुप्पट करायची हौस माझी होती. बायको म्हणत होती, "अहो, गिऱ्हाईक दुप्पट झालंय का, गाळा दुप्पट करायला?" ऐकलं नाही. सगळी पावती देवाच्या नावानं फाडायच्या आधी आपल्या नावाची वेगळी काढून ठेवावी, म्हणून हे इथं लिहितोय.

त्या दिवसांत कोणीतरी व्हॉट्सॲपवर उगवत्या सूर्याच्या चित्रावर तुकोबांची ओळ पाठवली:

बरें जालें देवा निघालें दिवाळें ।
बरी या दुष्काळें पीडा केली ॥

आमच्याकडून देहू सायकलवर अर्ध्या तासावर. हा अभंग मी पाळण्यात ऐकला असेन. उधारी बुडाली की वडीलही गल्ला बंद करताना तो गुणगुणायचे, जरा थट्टेनंच. पण त्या सकाळी मोबाइलवर तो बघून डोकं फिरलं. पाठवणाऱ्याचा महिन्याचा पगार एक तारखेला जमा होत होता आणि तो मला सांगत होता, दिवाळं निघालं ते बरं झालं.

रागाच्या भरातच गाथा काढली. म्हटलं, बघू तरी हा माणूस नक्की काय म्हणतो. आणि पहिल्यांदाच मी ती भाविक म्हणून न वाचता बुडालेला दुकानदार म्हणून वाचली.

कारण तुकोबा आमच्यातलेच. वाणी. घरी महाजनकी, सावकारी, दुकान. सतराच्या आसपास वय असताना आईवडील गेले, थोरली वहिनी गेली, थोरले भाऊ सावजी घर सोडून तीर्थयात्रेला निघून गेले. मग १६३० ते १६३२ चा तो दुष्काळ, गुजरात-दख्खन उजाड करणारा. त्याच सुमारास आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव यानं पुणं जाळलं, गाढवाचा नांगर फिरवला. म्हणजे आभाळही नाही आणि राजाही नाही. अशा वेळी देहूतल्या वाण्याची उधारी कोण देणार? पहिली बायको रखमा त्या दुष्काळात गेली, संतू नावाचा मुलगाही गेला.

हे सगळं त्यांनी एका अभंगात स्वतःच सांगितलंय आणि त्यातला क्रम मला फार महत्त्वाचा वाटला. दुष्काळानं पैसा आटला, मान गेला, एक बायको अन्न अन्न करत मेली, आणि लगेच पुढे: "लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें." म्हणजे आधी लाज. 'बरें जालें' त्या दिवशी सुचलेलं नाही. त्यानंतर येतं ते देवाचं मोडकळीस आलेलं देऊळ, ते दुरुस्त करावं असं मनात आलं. मग एकादशीचं कीर्तन, तेही "नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं", म्हणजे सवय नसताना.

धंदा बुडालेला माणूस दगड-माती उचलून पडकं देऊळ नीट करतोय, एवढंच चित्र माझ्या डोळ्यांपुढं राहिलं. देवानं हे का केलं, याचं उत्तर त्याला तेव्हा मिळालेलं नव्हतं. हातात दगड होता आणि तो कुठं बसवायचा एवढं कळत होतं. मला वाटतं, विश्वास याहून फार निराळा नसावा.

दुसरी गोष्ट कर्जरोख्यांची. लोकांकडून येणं असलेले कागद तुकोबांनी इंद्रायणीत सोडले, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण धाकटे भाऊ कान्होबा म्हणाले, तुझं ठीक आहे, मला संसार चालवायचाय. तेव्हा त्यांचा अर्धा वाटा त्यांना वेगळा काढून दिला आणि फक्त आपले अर्धे बुडवले, असं सांगतात. कीर्तनकार इथून भरकन पुढं जातात. मी तिथंच अडकलो. तुकोबांचं 'बरें जालें' तुकोबांपुरतं होतं. सख्ख्या भावावरही त्यांनी ते लादलं नाही.

आणि एक अभंग तर असा आहे की आजही मला पेलत नाही. बाप मेला, बायको मेली, "पोर मेलें बरें जालें". इथं मी पान उलटतो, खोटं कशाला सांगू. पण त्याच अभंगाचं ध्रुपद बघा: "विठो तुझें माझें राज्य । नाहीं दुसऱ्याचें काज." हे तुझं आणि माझं आहे, तिसऱ्याचं इथं काम नाही! फ्रीजरवाल्याचं नाही, व्हॉट्सॲपवाल्याचंही नाही. आमच्या गल्लीत एक बाई आहेत, त्यांचा कमावता मुलगा कोरोनात गेला. त्यांच्या दारात जाऊन 'देव करतो ते बऱ्यासाठी' म्हणायची माझी काय टाप आहे? त्या स्वतः कधी म्हणाल्या तर मी ऐकेन. नाही म्हणाल्या तरी त्यांचा देव त्यांच्यावर रुसणार नाही, असं मला वाटतं.

माझी बायको मात्र 'बरें जालें देवा बाईल कर्कशा' या चरणावर भांडायला तयार असते. "कर्कशा नसती तर घरात चूल पेटली असती का? डोंगरावर भाकरी कोण घेऊन जायचं?" तुकोबांच्या दुसऱ्या बायकोनं, जिजाईंनी, स्वतःच्या नावावर कर्ज काढून नवऱ्याला पुन्हा धंद्याला धाडलं आणि यांनी येताना कमाई कुणा अडलेल्याला देऊन टाकली, ही गोष्टही तिला पाठ आहे. यावर माझ्याकडं उत्तर नाही. आमच्याही घरी त्या काळात ती रात्री बारापर्यंत ब्लाउज शिवत होती आणि मी गाथा वाचत होतो.

तर मग मीही एक दगड उचलला. म्हणजे वही घेतली आणि उधारी मागायला निघालो. एकूण येणं १ लाख ८६ हजार. हातात आले ४१ हजार. काहींनी दार उघडलं नाही, एकानं तर "दुकानच बंद झालं, आता कसली उधारी?" असा कायदा सांगितला.

पण मागच्या चाळीतल्या एका आजींकडं गेलो. पापड लाटून पोट भरणाऱ्या. मी म्हटलं, "आजी, सहाशे चाळीस." त्या म्हणाल्या, "थांब." भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, मागच्या पानावर पेन्सिलीच्या रेघा होत्या, दुधाच्या खाड्यांसारख्या. बोट ठेवत ठेवत मोजलं. "सातशे बारा होतात."

"आजी, वहीत सहाशे चाळीसच आहेत."

"मग तुझी वही चुकली. माझी रेघ नाही चुकत."

सातशे बारा रुपये मोजून घ्यायला लावले. दोन रुपये सुटे नव्हते तर शेजारणीकडून आणले. परत येताना लक्षात आलं, बावीस वर्षं ही बाई माझ्या काउंटरपुढं उभी राहत होती आणि माझ्यासाठी ती म्हणजे 'पाच किलो उडीदडाळ, पापडखार, हिंग' एवढीच होती. तिचं घर मी आज पहिल्यांदा पाहिलं. दुकान चालू असतं तर कधीच पाहिलं नसतं. त्या दिवशी घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "किती आले?" मी म्हटलं, "सातशे बारा," आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटत होतं. तिला वाटलं ऊन लागलं असावं.

पुढं एका कॉलेजच्या मेसचं कोठार सांभाळायचं काम मिळालं. गहू, तांदूळ, डाळी, तेलाचे डबे, म्हणजे काम तेच, फक्त मालक दुसरा. सुरुवातीला कोणी ओळखीचं दिसलं की पोत्यांमागं जायचो. ती लाज जायला वेळ लागला. पण मे-जूनमध्ये पोरं घरी जातात आणि मेस बंद असते, म्हणजे वारीला जायला मी मोकळा.

हे लिहितानाही मला मजा वाटते. माझी आई तुकोबांच्या पालखीबरोबर वर्षानुवर्षं चालतेय. देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला प्रस्थान, पहिला मुक्काम इनामदारवाड्यात, दुसरा आकुर्डीत, मग पुणं. बावीस वर्षं मी काय केलं? दिंडीच्या ट्रकवर साखरेचं पोतं आणि चहापत्ती चढवायची, आईच्या पाया पडायचं आणि पळत दुकान उघडायला जायचं. "पुढच्या वर्षी येतो" हे मी तिला दरवर्षी म्हणायचो. देवानं बावीस वर्षं वाट पाहिली आणि मग सरळ शटरच खाली ओढलं. (असं मी म्हणू शकतो. तुम्ही म्हणालात तर राग येईल.)

२०२३ ला पहिल्यांदा चाललो. वरवंड सोडल्यावर रोटी घाट लागतो. माउलींची पालखी दिवेघाटातून जाते, त्याचे फोटो सगळे टाकतात. आमचा रोटी घाट साधा आहे. आई तेव्हा एकाहत्तर वर्षांची. टाचांना भेगा, त्यात मेण भरलेलं. चढावर ती माझ्या पुढं आणि मी तीन किलोमीटरमध्ये दोनदा बसलेलो.

दुसऱ्यांदा बसलो तेव्हा ती परत फिरून आली.

"दुकानाचं वाईट वाटतं का रे अजून?"

"वाटतं."

"वाटू दे. ऊठ, चाल."

एवढंच बोलली. मला वाटलं होतं ती काहीतरी समजूत घालेल. ती टाळ वाजवत पुढं गेलीसुद्धा. पुढं काटेवाडीला परीट समाजानं पालखीपुढं धोतरांच्या पायघड्या घातल्या, मेंढ्यांचं रिंगण झालं. त्या मेंढ्या पालखीभोवती सुसाट पळताना बघून मी लहान मुलासारखा ओरडत होतो, असं आई सगळ्यांना सांगत फिरते. मला तेवढं आठवत नाही. पायाला आलेले फोड आठवतात, आणि दुकान बंद झाल्यापासून रात्री दोनला जाग यायची ती वाटेत कुठल्याही मुक्कामी आली नाही, हे आठवतं.

कर्ज अजून आहे. चौदा हप्ते. देवानं ते काही माफ करून घेतलेलं नाही.

वहीचं काय करायचं यावर घरात चर्चा झाली. इंद्रायणीत सोडावी, असं मी जरा नाटकी होऊन म्हणालो. बायको म्हणाली, "नदीवर आधीच फेस तरंगतोय, त्यात तुमचा रेक्झिनचा पुठ्ठा कशाला?" मग ती देव्हाऱ्याखाली आईच्या हरिपाठाशेजारी राहिली.

परवा संध्याकाळी बेल वाजली. दारात आमचे रिक्षावाले काका, मला लांबून बघून दोन वर्षं गल्ली बदलणारे. हातात तीनशे रुपये. म्हणाले, "बाकीचे हळूहळू देतो." मी वही काढली, त्यांचं पान उघडलं, जमा लिहिलं, बाकी ११५०. ते निघाले तेव्हा म्हटलं, "आत या, चहा घ्या." बसले अवघडून खुर्चीच्या कडेवर. बायकोनं आतून विचारलं, साखर किती? ते काही बोलायच्या आत मीच म्हटलं, "बिनसाखरेचा." काका माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या पानावर तीन वर्षांत साखर एकदाही लिहिलेली नाही.