साडी चालते, मग धोतर का नाही चालत?

क्रूझवरून घरी येऊन आज नऊ दिवस झाले तरी माझा राग उतरत नाहीये. घरात विषय काढला की आई म्हणते जाऊ दे गं आता, दादा म्हणतो सोड ना, आणि बाबा तर काहीच बोलत नाहीत, आणि ते काही बोलत नाहीत याचाच मला जास्त त्रास होतोय. म्हणून इथे लिहितेय. माझ्या 74 वर्षांच्या बाबांना जहाजावरच्या डिनरच्या दारातून मागे फिरवलं, कारण काय तर त्यांनी धोतर नेसलं होतं आणि धोतर म्हणे फॉर्मल नाही.

आम्ही गोव्यातल्या फोंड्याचे. बाबा मराठी शाळेत मास्तर होते, 34 वर्षं. यंदा आईबाबांच्या लग्नाला 45 वर्षं झाली म्हणून मी आणि दादाने पैसे काढून मुरगाव बंदरातून मुंबईला जाऊन परत येणारी क्रूझ बुक केली. कल्पना बाबांचीच होती खरं तर. तरुणपणी ते आजोबांबरोबर पणजीहून मुंबईला बोटीने गेलेले, डेकवर वळकटी टाकून झोपायचं, वेंगुर्ला मालवण रत्नागिरी करत करत भाऊच्या धक्क्याला लागायचं, मधल्या बंदरात माणसं पडावातून चढायची उतरायची, हे सगळं त्यांनी आम्हाला लहानपणी शंभर वेळा सांगितलंय. आजोबा त्या बोटीवर धोतर नेसूनच असायचे, सगळेच असायचे. बाबांना तोच किनारा परत एकदा समुद्रातून बघायचा होता, एवढीच इच्छा.

बुकिंगच्या मेलमध्ये लिहिलं होतं की दुसऱ्या रात्रीचं डिनर फॉर्मल आहे. बास, एवढंच. फॉर्मल म्हणजे काय, कोट पाहिजे की टाय पाहिजे की काय चालणार नाही, एक ओळ नाही. मी बाबांना सांगितलं की चांगले कपडे लागतील आणि बाबांनी ते इतकं मनावर घेतलं की विचारू नका. तांबड्या काठाचं धोतर, माझ्या लग्नात घातलेला क्रीम कलरचा सिल्कचा झब्बा, जरीचं उपरणं, आणि कोल्हापुरी वहाणा पॉलिश करून आणल्या बाजारातून. धोतर मी स्वतः स्टार्च करून इस्त्री केलं. आणि त्या एवढ्याशा केबिनमध्ये, जहाज हलतंय, बाबा एका हाताने बेडची कड धरून निऱ्या घालतायत आणि आई मागून कासोटा नीट करून देतेय, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पंधरा-वीस मिनिटं लागली त्यांना. तयार होऊन बाहेर आले तेव्हा इतके रुबाबदार दिसत होते की कॉरिडॉरमध्ये दोन बायका थांबून म्हणाल्या, काका काय छान दिसताय.

आणि मग ते दार.

दाराशी उभा असलेला मुलगा माझ्याहून लहान असेल, त्याने आधी बाबांच्या पायाकडे बघितलं, मग वर. सर, सॉरी, आज फॉर्मल आहे. मी म्हटलं हो, म्हणूनच तर नेसून आलेत. तो म्हणाला नाही मॅडम, जेन्ट्ससाठी कोट आणि ट्राउझर्स, बंद शूज. सरांना वरच्या मजल्यावर बुफेला जाता येईल, तिथे काही पण चालतं. काही पण! म्हणजे स्विमिंग पूलमधून चड्डीवर उठून आलेला माणूस आणि माझे बाबा एकाच रांगेत, कारण दोघंही फॉर्मल नाहीत. मी त्या मुलावर ओरडले नाही, त्याला जे शिकवलंय तेच तो बोलणार, त्याची नोकरी आहे. मॅनेजरला बोलवायला सांगितलं. मॅनेजर आला, अतिशय गोड आवाजात तेच परत बोलला आणि वर म्हणाला की आमच्याकडे कोट भाड्याने मिळतो, 900 रुपये.

आता मुद्द्याचं ऐका. आई माझ्या शेजारी पैठणीत उभी होती. तिला कोणीही अडवलं नाही. उलट त्याच मॅनेजरने तिला म्हटलं मॅडम ब्युटिफुल साडी. मी पंजाबी ड्रेसमध्ये, मला पण चाललं. म्हणजे बाईने आपल्याकडचं नेसलं तर ते सुंदर, फॉर्मल, फोटो काढण्यासारखं, आणि तिच्याच नवऱ्याने तिच्याच शेजारी तसंच काठाचं वस्त्र नेसलं तर त्याला वरती पाठवा. लग्नात दोघं याच कपड्यांत पाटावर बसली होती, 45 वर्षांपूर्वी! मी मॅनेजरला विचारलं की साडी फॉर्मल आहे ना, मग धोतर का नाही, मला कारण सांगा. त्याच्याकडे कारण नव्हतं. पॉलिसी आहे मॅडम. कुठे लिहिलीय? तर आतल्या गाइडलाइन्समध्ये आहे. आतल्या म्हणजे प्रवाशाला कधीच दिसणार नाहीत अशा.

आणि हे बोलणं चालू असताना एक जण जीन्स, वर ब्लेझर आणि पायात पांढरे स्पोर्ट्स शूज घालून आत गेला. माझ्या डोळ्यांसमोर. मी बोट दाखवून विचारलं, हे काय? तर म्हणे ब्लेझर आहे ना मॅडम. तिथे माझं डोकं फिरलं. जीन्स हा खाणीत आणि शेतात राबणाऱ्या माणसांसाठी शिवलेला कपडा, तो चालतो, आणि पूजेला, लग्नाला, मुंजीला जे नेसून माणूस देवासमोर बसतो ते नाही चालत.

बाबांनी भांडण वाढू दिलं नाही. मला म्हणाले, तू जा आईला घेऊन आत, मला तशी भूक नाहीये. आई म्हणाली अहो मी तुमच्याशिवाय जेवणार आहे का. शेवटी दादा त्यांना केबिनमध्ये घेऊन गेला आणि त्याची पँट, त्याचे शूज आणि तो भाड्याचा कोट घालून परत आणलं. दादा बाबांपेक्षा चार इंच उंच आहे. पँट खालून दुमडलेली, कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत, शूजमध्ये पुढे कागद कोंबलेला. हे फॉर्मल! ह्या अवतारात त्यांना आत घेतलं, अगदी हसून घेतलं. बाबा दोन घास जेवले. वाढदिवस-ॲनिव्हर्सरीवाल्यांचा फोटो काढायला फोटोग्राफर आला तेव्हा त्यांनी हात जोडून नको म्हटलं. 45 वर्षांच्या त्या संध्याकाळचा आमच्याकडे एक फोटो नाहीये.

घरी आल्यावर मी वाचत बसले की हे कोट प्रकरण आलं कुठून. तर ज्या डिनर जॅकेटचा एवढा बाऊ करतात ते मुळात आरामाचा कपडा होतं. 1865 साली इंग्लंडच्या प्रिन्स ऑफ वेल्सने लंडनच्या हेन्री पूल या टेलरकडून शेपटीवाल्या कोटाऐवजी एक आखूड जॅकेट शिवून घेतलं, कशासाठी, तर गावाकडच्या घरी जेवताना जरा मोकळं वाटावं म्हणून. मग ते अमेरिकेत गेलं, टक्सिडो झालं, आणि अटलांटिक ओलांडणाऱ्या मोठ्या बोटींवर फर्स्ट क्लासवाले ते घालून जेवायला बसायला लागले. तो थंड समुद्र, ती थंड माणसं, त्यांचं ते बरोबरच आहे. आज पण क्युनार्ड या ब्रिटिश कंपनीच्या जहाजांवर गाला रात्री, म्हणजे नटूनथटून जेवायच्या रात्री असतात आणि ज्यांना ते आवडतं ते हौसेने जातात, माझं काही म्हणणं नाही. पण तिकडच्याच नॉर्वेजियन क्रूझ लाइनने 2000 सालापासून ही सक्ती काढून टाकली, तुम्हाला हवं तर घाला नको तर नको. म्हणजे ज्यांची ही पद्धत ती माणसं सैल करतायत आणि आम्ही अरबी समुद्रात, जिथे डेकवर नुसतं उभं राहिलं तरी घामाने झब्बा पाठीला चिकटतो, तिथे घट्ट धरून बसलोय.

आणि हे गोव्यात होतं याचं मला सगळ्यात जास्त लागलं. आपल्याकडे कपड्यावरून माणसाला अडवण्याचा इतिहास आहे हो. 1736 साली पोर्तुगीजांच्या इन्क्विझिशनने, म्हणजे त्यांच्या धर्म-न्यायालयाने हुकूम काढला होता, ख्रिस्ती झालेल्या इथल्या माणसांनी पुडवें, म्हणजे आपलं धोतरच, नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही, तुळस लावायची नाही. पोर्तुगीजांचं राज्य 1961 ला गेलं. मला दोन्ही गोष्टी सारख्या म्हणायच्या नाहीत, तिथे माणसांचे जीव गेलेत आणि इथे एक जेवण गेलं, पण मुरगावच्या धक्क्यावरून चढलेल्या म्हाताऱ्या माणसाला पुडवें नेसलंय म्हणून परत पाठवताना या मातीतल्या मॅनेजरला एकदा तरी कसंतरी व्हायला हवं होतं ना.

बरं शिस्तीचंच म्हणत असाल तर नौदलापेक्षा जास्त शिस्त कोणाची? आमच्या दाबोळीला आयएनएस हंसा हा नौदलाचा तळ आहे, तर त्याच नौदलाने फेब्रुवारी 2024 मध्ये ऑफिसर्स मेसमध्ये कुर्ता-पायजमा आणि वर बिनबाह्यांचं जॅकेट घालायला परवानगी दिली, सँडल पण चालतात. इंग्रजांपासून चालत आलेला मेसचा नियम त्यांनी बदलला, जहाजं बुडाली नाहीत. आणि तमिळनाडूत काय झालं बघा. 2014 साली चेन्नईतल्या एका क्रिकेट क्लबच्या कार्यक्रमाला हायकोर्टाचे न्यायाधीश वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसून गेले तर त्यांना दारात अडवलं. न्यायाधीशांना! पण तिथली माणसं गप्प नाही बसली, विधानसभेत आवाज झाला आणि त्याच वर्षी कायदा आला, वेष्टी नेसली म्हणून कोणी क्लबात प्रवेश नाकारला तर लायसन्स जाऊ शकतं, वर्षभरापर्यंत तुरुंग आणि 25,000 पर्यंत दंड. आपण मराठी माणसं फेटे बांधून ढोल वाजवतो, पारंपरिक दिन करतो ऑफिसात, आणि धोतरवाल्या माणसाला हाकललं की म्हणतो जाऊ दे, वाद नको, सुट्टी खराब होते.

आमच्या फॅमिली ग्रुपवर एक काका म्हणाले की नियम म्हणजे नियम, देवळात पण शॉर्ट्स चालत नाहीत मग तिथे का नाही बोलत. काका, देवळाबाहेर बोर्ड असतो, काय चालत नाही ते लिहिलेलं असतं, आणि वर गुंडाळायला लुंगी पण देतात बऱ्याच ठिकाणी. आणि मी कुठे म्हणतेय की डिनरला चड्डी बनियनवर येऊ द्या? मला नटूनथटून जेवायला जायला आवडतं, बाबांना माझ्यापेक्षा जास्त आवडतं. रोजच्यापेक्षा वेगळी रात्र आहे, समोरच्याचा मान ठेवून बसायचंय, तर चांगलं नेसावं, शंभर टक्के मान्य. मग त्या अख्ख्या हॉलमध्ये माझ्या बाबांपेक्षा जास्त विचार करून, जास्त कष्ट घेऊन कोण तयार झालं होतं ते सांगा मला.

दादाचा कोट का नव्हता असं पण विचारलं एकाने. होता, दादाने स्वतःचा आणला होता, पुण्याहून मोपाला विमानाने येताना 15 किलोच्या बॅगेत कोट, शूज, वहिनीच्या साड्या, मुलाचे कपडे सगळं कोंबून, एका रात्रीसाठी. त्याला तरी काय हौस होती.

कंपनीला मेल केला त्याच दिवशी. उत्तर आलं, तुमच्या मौल्यवान फीडबॅकबद्दल धन्यवाद, आणि पुढच्या ट्रिपवर 5 टक्के सूट. मला सूट नकोय. मी परत लिहिलं, एकच प्रश्न, तुमच्या कुठल्या कागदावर लिहिलंय की धोतर फॉर्मल नाही, तो कागद पाठवा, आणि नसेल तर माझ्या बाबांना त्यांच्या नावाने, मराठीत, माफीचं पत्र लिहा. ते 900 रुपये पण परत मागितलेत. सहा दिवस झाले, उत्तर नाही. उद्या परत लिहिणार आहे, परवा पण.

धोतर आईने धुऊन घडी करून परत पेटीत ठेवलंय. बाबांनी विचारलं, वरच ठेवलंस ना, चतुर्थीला लागेल.