पंचवीस पैशांचं गिऱ्हाईक

मी मिरजेचा. वडील रेल्वेत. आमच्या लहानपणी मिरज स्टेशनात तीन मापांचे रूळ होते. पुण्या-मुंबईकडची ब्रॉडगेज, बेळगाव-लोंढ्याकडे जाणारी मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे डुलत डुलत जाणारी नॅरोगेज. एका गाडीतून उतरलेली माणसं दुसऱ्या गाडीची वाट बघत फलाटावर तासन् तास बसायची, म्हणून तिथल्या बुकस्टॉलला कायम गर्दी. सकाळी मुंबईहून महालक्ष्मी आली की वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांबरोबर कधी कधी सुतळीनं बांधलेलं एक चपटं पार्सल उतरायचं. त्यात नवे इंद्रजाल कॉमिक्स, म्हणजे चित्रकथांचे अंक असायचे. वडिलांना डबा पोचवायचं काम मी थोरल्या भावाकडून हट्टानं मागून घेतलं होतं, ते त्या पार्सलासाठी.

पण स्टॉलवर नुसतं बघायचं. अंक दोरीवर मधोमध उघडे करून टांगलेले असत. पुढचं चित्र दिसायचं, मागचं दिसायचं, आतलं काही नाही. हात लावला की "मळतंय रे" असा आवाज यायचा. घरात महिन्याला एक चांदोबा यायचा, तेवढीच ऐपत. कॉमिक विकत घेणं हे परीक्षेत नंबर आला तर किंवा मामा मुंबईहून आला तरच.

आमचं खरं दुकान स्टेशनच्या बाहेर होतं. पत्र्याचा गाळा, दारात एक बाकडं, आत गुडघ्याएवढ्या उंचीच्या फळ्या. चालवणाऱ्यांना सगळे आप्पा म्हणायचे, अगदी त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. ते नवं काही विकत नव्हते. भाड्यानं द्यायचे. बाकड्यावर बसून वाचलं तर दहा पैसे, घरी नेलं तर दिवसाला पंचवीस. अनामत पाच रुपये. ती वर्षातून एकदा कुठून तरी जमवायची आणि वहीत आपलं नाव चढलं की झालं.

आप्पांची एक गोष्ट मला आज, पन्नाशी आल्यावर, फार मोठी वाटते. ते आम्हा पोरांना "मालक" म्हणायचे. दुसरीतलं पोर जरी दारात उभं राहिलं तरी, "या मालक, संपलं का कालचं?" त्यात चेष्टा नसायची. पंचवीस पैसे देणारं प्रत्येक जण गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाईक म्हणजे मालक, असा त्यांचा साधा हिशेब. आम्ही काय न्यायचं हे त्यांनी कधी सांगितलं नाही. हे वाच, हे तुझ्या वयाचं नाही, यातून काही शिकायला मिळेल, असलं एक अक्षर नाही. फळीपुढे उकिडवं बसायचं, बोट फिरवत शोधायचं, आणि आपण ठरवायचं.

शाळेतही पुस्तकांचं कपाट होतं. त्याला कुलूप होतं. वर्षातून एकदा ते उघडायचं, बाई हातात एक पुस्तक द्यायच्या, ते थोर पुरुषांचंच असायचं, आणि आठ दिवसांनी त्यावर दहा ओळी लिहून द्यायच्या. त्या दहा ओळींनी वर्गातल्या किती पोरांचं वाचन कायमचं सुटलं, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

म्हणून "आजकालची मुलं वाचत नाहीत, आमच्या वेळी असं नव्हतं" असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही. आमच्या वेळी आम्ही काही वेगळ्या मातीचे नव्हतो. आमच्या खिशातल्या पैशांत बसणारं वाचन आमच्या घरापासून दोनशे पावलांवर होतं, एवढाच फरक होता. पंचवीस पैसे म्हणजे एक बर्फाची पेप्सी किंवा बोरांचा एक पुडा. आईला विचारावं लागत नव्हतं. आज दहा वर्षांचं पोर स्वतःच्या पैशांनी, कुणाला न विचारता, कुठलं पुस्तक हातात घेऊ शकतं? मॉलमधल्या दुकानात त्याच्या शेजारी आई किंवा बाप उभा असतो आणि किंमत उलटून बघत असतो. ते पोर गिऱ्हाईक नाहीच. गिऱ्हाईक आपण आहोत, आणि आपल्याला त्याला काहीतरी शिकवायचंय.

आप्पांच्या फळीवर सगळ्यात वरचा मान वेताळाला. आता या नावाची एक गंमत मराठी पोरांनाच कळेल. आमच्याकडे वेताळ एक नव्हता, तीन होते.

पहिला चांदोबातला. विक्रमाच्या खांद्यावर लटकून गोष्ट सांगणारा, आणि राजानं तोंड उघडलं की परत झाडावर जाणारा. हातात तलवार, खांद्यावर प्रेत आणि मागे स्मशान, हे चित्र काढणारे शंकर मद्रासचे. 2020 साली, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी ते गेले. चांदोबा मराठीत 1952 पासून निघत होता, पण छापला जायचा मद्रासच्या वडपळनीत. म्हणून त्यातल्या देवळांना दाक्षिणात्य गोपुरं असायची आणि बायकांच्या अंबाड्यात भरगच्च गजरे. आम्हाला ते कधी परकं वाटलं नाही. गोष्टीतला राजा तसल्याच गावात राहतो, असंच वाटायचं.

दुसरा वेताळ इंद्रजालमधला, म्हणजे इंग्रजीतला फँटम. मुखवटा, कवटीची गुहा, आणि ज्याला ठोसा मारेल त्याच्या जबड्यावर कायमची उमटणारी कवटीची अंगठी. बापामागून मुलगा अशा एकवीस पिढ्या तोच पोशाख घालतायत आणि जंगलातल्या लोकांना वाटतं हा अमर आहे. ली फॉक या अमेरिकन लेखकानं 1936 साली त्याला जन्माला घातलं. टाइम्सवाल्यांनी 1964 मध्ये इंद्रजाल सुरू केलं तेही त्याच्याच कथेनं. आपल्याकडे आणताना त्याच्या देशाचं नाव डेंकाली केलं, कारण मूळ नाव ऐकून लोकांना बंगालची आठवण झाली असती. मी डेंकाली भूगोलाच्या नकाशात बरेच दिवस शोधली.

तिसरा वेताळ आजीचा. आईचं माहेर वेंगुर्ल्याकडचं. तिथून जवळच आरवलीला वेतोबाचं, म्हणजे वेताळाचंच, देऊळ आहे. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. एका मे महिन्यात मी आप्पांकडून सात अंक एकदम घेऊन आजोळी गेलो होतो. आजीनं त्यातला एक उचलला, डोळ्यांजवळ नेऊन मुखपृष्ठ नीट निरखलं आणि म्हणाली, "आमचो वेतोबा व्हाणो घालता, ह्यो तुमचो बूट घालता." आणि अंक देवाच्या पाटाशेजारी ठेवला. वेताळाचं पुस्तक उशाशी घेऊन झोपायचं नाही, एवढी एकच अट तिनं घातली. दुपारी ओटीवर मी तिला ते अंक वाचून दाखवायचो. आजी निरक्षर होती. चित्रावर बोट ठेवून ती मला पुढचं विचारायची, आणि खूपदा तिला माझ्याआधी कळलेलं असायचं.

वेताळाखालोखाल जादूगार मँड्रेक आणि त्याचा बलदंड सोबती लोथार, आणि मग बहादूर. बहादूर आबिद सुरतींनी 1976 मध्ये आणला. कुर्ता आणि जीन्स घातलेला, चंबळच्या डाकूंशी लढणारा, आणि बाप स्वतः डाकू होता म्हणून आतून पोळलेला. तो मला नेहमी आमच्या बोळातला वाटायचा. अमर चित्र कथेचे अंक आप्पा वेगळ्या फळीवर ठेवायचे, कारण ते आयाबायाही घेऊन जायच्या. अनंत पै आधी टाइम्समध्ये इंद्रजालच्या कामात होते आणि 1967 मध्ये त्यांनी अमर चित्र कथा सुरू केली, हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे आप्पांच्या दोन फळ्यांची मुळं एकाच घरात होती.

आणि चित्रकार! राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम, वसंत हळबे. ही सगळी आपली माणसं. टिंकल या मुलांच्या अंकातला भोळसट सुप्पंडी वाईरकरांच्या हातचा. टोपीखाली डोळे झाकलेला शिकारी शंभू हळब्यांचा. मुळीकांनी अमर चित्र कथा तर काढल्याच, पुढे दिल्लीच्या राज कॉमिक्ससाठी नागराजही काढला. आख्ख्या देशातल्या पोरांना ज्यांनी चित्रं दिली, त्यांची नावं आपल्या घरातल्या किती जणांना माहीत आहेत? लेखकाच्या नावाचे पुरस्कार असतात, रस्ते असतात, शाळेत धडे असतात. हळब्यांच्या शंभूला ओळखतो तो माणूस हळब्यांना ओळखत नाही. मला हे मनापासून लागतं.

आता आप्पांच्या कामाबद्दल सांगतो.

भाड्याचा अंक तीस-चाळीस हातांतून गेला की त्याची दोन्ही बाजूंची पानं सुटतात. पहिलं जातं आणि शेवटचं जातं. आप्पा रविवारी दुपारी दुकान बंद करून बसायचे. जाड खाकी कागदाचं कव्हर, दाभण, दोरा, आणि कणकेची खळ. खळीत थोडं मोरचूद घालायचे, झुरळं लागू नयेत म्हणून. मी शेजारी बसून कव्हरावर नंबर टाकायचो. त्या कामाचा मोबदला म्हणून एक अंक फुकट.

शेवटचं पान गेलेला अंक बहुतेक दुकानदार रद्दीत टाकत. आप्पा टाकत नव्हते. ज्या पोरांनी तो आधी वाचलाय त्यांना ते दुकानात थांबवायचे आणि विचारायचे, "मालक, शेवटी काय झालं सांगा." पोर सांगायचं, आणि आप्पा खतावणीच्या कागदावर निळ्या शाईनं ते लिहून काढायचे आणि तो कागद शेवटी शिवायचे. दोन पोरांनी दोन तऱ्हेनं सांगितलं तर दोन्ही लिहायचे. त्यातला एक अंक आज माझ्याकडे आहे. शेवटच्या कागदावर, लाल रेघांच्या रकान्यांतून वाट काढत, लिहिलंय: "चोर पकडला. वेताळाने त्याला ठोसा मारला. माल परत दिला. दुसरे म्हणणे असे की चोर पाण्यात पडला व सुसरीने नेला." खाली ओळ सोडून, "ज्यास नक्की माहीत असेल त्याने सांगावे."

1990 मध्ये इंद्रजाल बंद झालं. मी तेव्हा पुण्याला शिकायला होतो. दोन-तीन वर्षांत गावात केबल आली. आप्पांच्या मुलानं गाळ्यात एसटीडी बूथ टाकला. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यालाही घर चालवायचं होतं. दिवाळीत घरी आलो तेव्हा माल रद्दीत गेलेला, किलोवर. मी त्या रद्दीवाल्याकडे धावलो. बहुतेक पोत्यांचे पुडे होऊन गेले होते. अकरा अंक मिळाले. आप्पा तोवर दारात खुर्चीवर बसून असायचे. मी अकरा अंक दाखवले. त्यांनी एकेक हातात घेऊन शिवण दाबून बघितली आणि म्हणाले, "टिकलीय की."

गेल्या वर्षी एका शहरात एका विक्रेत्याकडे मराठी इंद्रजालचा एक अंक दिसला. प्लास्टिकच्या पाकिटात, वरून चिकटपट्टी. किंमत हजारांत. मी म्हटलं, उघडून बघू का? तर म्हणे, उघडलं की भाव जातो. मी रिकाम्या हातानं परत आलो आणि रात्रभर मला त्या पाकिटाचा राग येत राहिला. मराठी अंक आज इंग्रजीपेक्षा कमी दिसतात असा माझा अनुभव आहे, आणि मला वाटतं त्याचं कारण ते फाटेपर्यंत वाचले गेले हेच आहे. बाकड्यावर, गाडीत, गोठ्यात, आजारपणात. त्यातून जे उरले त्यांना आपण आता हवा लागू देणार नाही? जपणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. ते नसते तर काहीच उरलं नसतं. पण तुमच्याकडे शंभर अंक असतील तर पाच तरी पोरांच्या हातात द्या. फाटू द्या. खळ माझ्याकडे आहे.

मी या मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली एक फळी लावली. माझे अकरा अंक, जुने किशोर, चांदोबा, मित्रांनी दिलेले टिंकल, चाचा चौधरी. भाडं दिवसाला दोन रुपये. फुकट ठेवायचं नाही हे मुद्दाम ठरवलं. फुकट ठेवलं की पोरं उपकार घेतल्यासारखी उभी राहतात आणि आया निवडायला येतात. दोन रुपयांत पोरं स्वतः येतात. सध्या वहीत चौदा नावं आहेत. त्यातली एक तिसरीतली मुलगी दुकान बंद झाल्यावरही दार वाजवते. मी तिला मालक म्हणतो आणि तिला ते अजिबात विचित्र वाटत नाही.

तेव्हा एक विनंती. माझ्याकडच्या एका मराठी इंद्रजालचं मुखपृष्ठ नाही, त्यामुळे नाव आणि नंबर सांगता येत नाही. कथा मँड्रेकची आहे. मँड्रेक आणि लोथार एका बंद खोलीच्या दाराशी उभे आहेत, दार आतून उघडायला लागतं, आणि तिथे अंक संपतो. आप्पांचा कागदही गळून गेलाय, नुसती शिवणीची भोकं आहेत. ती तिसरीतली मुलगी रोज विचारते, दारामागे कोण होतं. ज्यांना नक्की माहीत असेल त्यांनी सांगावं. नक्की माहीत नसेल, अर्धवट आठवत असेल, तरी सांगा. दोन्ही लिहून शिवेन.