गळके छप्पर आणि लाख खुर्च्यांचे मैदान

गेल्या पंधरा-वीस दिवसांत बेळगाव, खानापूर आणि निपाणीकडच्या फुटबॉलवेड्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक लांबलचक मजकूर इतक्या वेळा फिरला आहे, की तो मूळचा कोणाचा हे विचारण्याचेही आता कोणाच्या मनात येत नाही. विषय इंग्लंडमधल्या मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबच्या नव्या मैदानाचा. मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे, की क्लबच्या सध्याच्या मैदानाची, ओल्ड ट्रॅफर्डची, इमारत एकशे पंधरा वर्षांची झाली, छप्पर गळते, ती आता दुरुस्तीच्या पलीकडे गेली. ज्या ज्या क्लबांनी नवी मैदाने बांधली त्यांची भरभराट झाली. लाख खुर्च्या झाल्या की सामान्य माणसाला तिकीट मिळेल. विरोध करणारे आठवणींत रमलेले म्हातारे आहेत. आणि खर्च मालक करणार असल्यामुळे कोणाच्याही खिशाला चाट बसणार नाही. माझ्या मामेभावाने तो मला पाठवला तेव्हा खाली एवढेच लिहिले होते, ‘दादा, आता बोल.’

बोलायचे तर आधी हे सांगितले पाहिजे, की मी स्वतः युनायटेडवालाच आहे. मे १९९९ मध्ये बार्सिलोनात चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात युनायटेडचे भरपाईच्या वेळेत दोन गोल झाले, तेव्हा शेजारच्या काकांच्या टीव्हीपुढे मध्यरात्र उलटून गेल्यावर ओरडल्याबद्दल घरी जे ऐकून घ्यावे लागले ते अजून लक्षात आहे. नव्या मैदानाला माझा विरोधही नाही. ते कदाचित बांधावेच लागेल. पण या मजकुरात दिलेली कारणे मात्र एकेक करून तपासली तर हातात फारसे काही उरत नाही.

वयाच्या मुद्द्यापासून सुरुवात करू. ओल्ड ट्रॅफर्डवरचा पहिला सामना १९ फेब्रुवारी १९१० रोजी झाला आणि लिव्हरपूलने तो ४-३ असा जिंकला, इथपर्यंत मजकूर बरोबर आहे. पुढचे सोयीस्करपणे गाळले आहे. ११ मार्च १९४१ च्या रात्री जर्मन विमानांनी टाकलेल्या बॉम्बांनी हे मैदान उद्ध्वस्त केले, आणि १९४९ पर्यंत युनायटेडला शेजारच्या मँचेस्टर सिटी क्लबाच्या मेन रोड मैदानावर पाहुण्यासारखे खेळावे लागले. (नव्या मैदानाचा आराखडा जाहीर झाला तोही ११ मार्चलाच, २०२५ मध्ये, हा योगायोग कोणाच्या लक्षात आला होता की नाही, देव जाणे.) आज जे उभे आहे त्यातला खेळाडूंचा जुना बोगदा सोडला, तर १९१० चे जवळजवळ काहीच नाही. १९६६ च्या विश्वचषकासाठी उत्तरेची गॅलरी नव्याने बांधली, तीही पाडून १९९६ पर्यंत तिथे तीन मजली गॅलरी उभी राहिली, आणि उत्तरेकडचे दोन कोपरे भरून काढले ते २००६ मध्ये. म्हणजे ज्या इमारतीला एकशे पंधरा वर्षांची म्हातारी म्हटले जाते, तिचे काही अवयव जेमतेम वीस वर्षांचे आहेत. जागा जुनी आहे, बांधकाम वेगवेगळ्या वयांचे आहे, आणि एकदा हे मान्य केले की ‘सगळे पाडा’ हा निष्कर्ष आपोआप निघत नाही.

छपराचे मात्र खरे आहे. १२ मे २०२४ रोजी आर्सेनलकडून ०-१ अशी हार पत्करल्यावर वादळी पाऊस सुरू झाला आणि छपराच्या एका कोपऱ्यातून पाण्याची धारच खाली कोसळू लागली. त्या दिवशी चित्रफिती पाहून आम्ही आंबोलीच्या धबधब्याचे विनोद केले, नाही असे नाही. पण गळतीवरून घराचा निकाल लावायचा झाला, तर खानापूर तालुक्यात एकही घर शिल्लक राहणार नाही. जांबोटीकडे आमच्या मावशीचे मंगळुरी कौलांचे घर आहे. दर मे महिन्यात तिथे गडी छपरावर चढतो, फुटकी कौले उतरवतो, आणि मग वासा बोटाने दाबून पाहतो. वासा कडक लागला तर नवी कौले बसवून तो दुपारच्या आत खाली उतरतो. बोट आत रुतले, तर मात्र खाली येऊन घरमालकाशी वेगळे बोलणे सुरू होते. ओल्ड ट्रॅफर्डबद्दलचा खरा प्रश्न वाशांचा आहे. मजकूर लिहिणाऱ्याने फक्त गळकी कौले पाहिली आणि वाशाला बोटही न लावता घर पाडायला काढले.

वाशांपर्यंत जायचे, तर दक्षिणेच्या गॅलरीकडे पाहावे लागते, आणि इथे मजकुरापेक्षा भक्कम मुद्दा मीच त्यांच्या बाजूने मांडतो. ती गॅलरी, जी आता बॉबी चार्लटन यांच्या नावाने ओळखली जाते, ती एकमजली आहे, कारण तिच्या पाठीला लागूनच रेल्वेचा मार्ग जातो आणि त्यापलीकडे लोकांची घरे आहेत. बेळगावच्या टिळकवाडीत राहणाऱ्याला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. लोंढा-मिरज मार्गावरच्या पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या गेटवर ज्यांचे निम्मे आयुष्य गाडीची वाट पाहण्यात गेले, त्यांना ठाऊक आहे की रूळ हा न सरकणारा शेजारी आहे. जे सरकायचे ते आपणच. या एका बाजूमुळे ओल्ड ट्रॅफर्डची वाढ महाग आणि किचकट होते. पण अशक्य होते का? क्लबने नेमलेल्या ज्या गटाने पर्यायांचा विचार केला, त्याच्यापुढे आहे तेच मैदान वाढवून सुमारे ८७ हजार प्रेक्षकांचे करण्याचा पर्यायही होता. तो मागे पडला, हे खरे. पण मागे पडलेला पर्याय आणि कधीच शक्य नसलेला पर्याय यांत फरक असतो.

लिव्हरपूल या जुन्या प्रतिस्पर्ध्याचे उदाहरण आपल्या लोकांना गोड लागत नाही, तरी द्यावेच लागते. त्यांनीही जवळच्या स्टॅन्ली पार्कमध्ये नवे मैदान बांधायचे ठरवले होते. मालक बदलल्यावर ती योजना गुंडाळली गेली, जुन्या मुख्य गॅलरीच्या मागे नव्या गॅलरीचा सांगाडा उभा करत करत सामने चालू ठेवले गेले, ती २०१६ मध्ये खुली झाली, पुढे ॲनफिल्ड रोडच्या बाजूची गॅलरीही वाढली, आणि ४५ हजारांचे मैदान ६१ हजारांच्या वर गेले. त्याची किंमत शेजाऱ्यांनीही मोजली, हे सांगितले नाही तर ते अर्धसत्य होईल: आसपासच्या गल्ल्यांतली घरे वर्षानुवर्षे रिकामी पडली, खिडक्यांना पत्रे लागले, आणि शेवटी ती पाडली गेली. वाढवणे म्हणजे पुण्य आणि नवे बांधणे म्हणजे पाप, असे मला म्हणायचे नाही.

आता भरभराटीचा मुद्दा. याच एका वाक्यावर मजकुराचा सगळा डोलारा उभा आहे, आणि नेमके हेच वाक्य सर्वांत पोकळ आहे. आर्सेनलने २००६ मध्ये हायबरीचे सुमारे ३८ हजारांचे मैदान सोडून ६० हजारांच्या नव्या मैदानात पाऊल टाकले. त्याआधी दोनच वर्षे, २००३-०४ मध्ये, त्यांनी एकही सामना न हरता लीग जिंकली होती आणि २००५ मध्ये इंग्लंडचा एफए कप हा चषक उचलला होता. त्यानंतरचा चषक आला तो थेट २०१४ मध्ये. मधल्या नऊ वर्षांत मैदानाचे हप्ते फेडणाऱ्या त्या क्लबातून हेन्री गेला, फाब्रेगास गेला, नास्री गेला, आणि २०१२ मध्ये व्हॅन पर्सी गेला. व्हॅन पर्सीचा करार संपत आला होता आणि त्याला तिथे थांबायचे नव्हते, म्हणून सगळा दोष विटा-सिमेंटला देता येणार नाही. पण अशा खेळाडूला थोपवून धरण्याइतका संघ भोवती उभा करण्याची ताकद क्लबकडे त्या काळात उरली नव्हती, हे कोणताही आर्सेनलवाला खाजगीत कबूल करतो. आणि तो गेला कुठे? आपल्याकडे. पहिल्याच हंगामात त्याने लीगमध्ये २६ गोल केले आणि प्रशिक्षक फर्ग्युसन यांच्या अखेरच्या वर्षात युनायटेडने विसावे विजेतेपद मिळवले. दुसऱ्याच्या नव्या मैदानाचा लाभ ज्या क्लबाने इतक्या जवळून चाखला, त्याच्याच चाहत्यांनी ‘नवे मैदान म्हणजे चषक’ हा मजकूर पुढे ढकलावा, याची मला गंमत वाटते.

टॉटनहॅमचे तर याहून ताजे आहे. सुमारे एक अब्ज पौंड खर्चून बांधलेले त्यांचे मैदान एप्रिल २०१९ मध्ये सुरू झाले. ते पाहून डोळे दिपतात, अमेरिकन फुटबॉलसाठी खालचे हिरवळीचे मैदानच सरकवून बाजूला नेता येते. त्या मैदानात गेल्यानंतरचा पहिला चषक त्यांना मे २०२५ मध्ये मिळाला, युरोपा लीगचा, आणि तोही अंतिम सामन्यात आपल्यालाच १-० ने हरवून. त्याच हंगामात लीगच्या तक्त्यात टॉटनहॅम सतरावे होते आणि गळक्या छपराचे युनायटेड पंधरावे. नव्या मैदानाने उत्पन्न वाढते, यात वाद नाही, दोन्ही क्लबांचे वाढले. पण त्या उत्पन्नातून मधली फळी कोण उभी करतो, कोणाला विकत घेतो, प्रशिक्षकाला किती महिने देतो, हे प्रश्न मैदानाच्या बाहेरच राहतात. आणि युनायटेडचे गेल्या दहा-बारा वर्षांतले दुखणे नेमके तिथलेच आहे. ओल्ड ट्रॅफर्डवर आजही सुमारे ७४ हजार माणसे बसतात. क्लबांच्या मैदानांत ब्रिटनमध्ये त्याहून मोठे नाही. खुर्च्या कमी पडल्या म्हणून हा संघ हरला, असे म्हणणारा मला अजून भेटायचा आहे.

तिकिटाच्या मुद्द्यावर फार रेंगाळण्याचे कारण नाही. खुर्च्या वाढल्या की दर उतरतील, हे भाजी मंडईचे गणित झाले. इथे दर ठरवणारा विक्रेता एकच आहे. २०२४-२५ च्या हंगामाच्या मध्यावर युनायटेडने उरलेल्या घरच्या सामन्यांसाठी सदस्यांच्या तिकिटाचा दर सरसकट ६६ पौंड केला, म्हणजे सुमारे सात हजार रुपये, आणि त्या तिकिटांवर मुलांना किंवा वृद्धांना मिळणारी सवलतही काढली. त्यावर चाहत्यांनी आंदोलने केली. लाख खुर्च्यांपैकी किती खुर्च्या काचेआडच्या जेवणावळींच्या असतील आणि किती सामान्यांच्या, हे मजकुरात कुठेही लिहिलेले नाही. आपल्यासारख्यांना तर बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळापासून पुढचा सगळाच हिशेब वेगळा.

विरोधक म्हातारे आणि भावुक आहेत, या आक्षेपाला वेस्ट हॅमच्या चाहत्यांनी उत्तर देऊन ठेवले आहे. २०१६ मध्ये त्यांचा क्लब अप्टन पार्क सोडून लंडनच्या ऑलिम्पिक मैदानात भाडेकरू म्हणून गेला. धावपट्टीसाठी आखलेल्या त्या वास्तूत प्रेक्षक खेळापासून दूर फेकले गेले, आणि मार्च २०१८ मध्ये बर्नलीविरुद्धच्या सामन्यात संतापलेले लोक थेट मैदानात उतरले. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना ज्याने गर्दीत दाटीवाटीने बसून पाहिला आहे, किंवा आपल्या लेले मैदानावर रेषेला पाय टेकवून उभे राहत बाजूच्या खेळाडूच्या धापा ज्याने ऐकल्या आहेत, त्याला हे अंतर म्हणजे काय ते कळते. ते अंतर आराखड्यात मीटरमध्ये मोजले जाते. त्याला भावुकपणा म्हणून मोडीत काढता येत नाही.

राहिला खर्च. आराखडा फोस्टर अँड पार्टनर्स या वास्तुरचनाकारांचा आहे, त्यात तीन उंच खांबांवर छत्रीसारखे आच्छादन आहे, आणि अंदाजे खर्च दोन अब्ज पौंड, म्हणजे वीस हजार कोटी रुपयांच्याही वर. मालक देणार, असे मजकूर म्हणतो. कोणता मालक? ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफ यांनी २०२४ च्या सुरुवातीला घेतलेला हिस्सा चौथ्या भागाहून थोडाच अधिक होता. सत्तेचा मोठा वाटा ग्लेझर कुटुंबाकडे राहिला, आणि या कुटुंबाने २००५ मध्ये क्लब सुमारे ७९ कोटी पौंडांना विकत घेतला तेव्हा त्या खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा मोठा भाग, तोवर कर्जमुक्त असलेल्या क्लबाच्याच डोक्यावर ठेवला होता. त्या रागातून काही चाहत्यांनी त्याच वर्षी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब काढला आणि दहा वर्षांनी, २०१५ मध्ये, स्वतःचे छोटेसे मैदानही बांधले. रॅटक्लिफ आल्यानंतरच्या काळात शेकडो नोकऱ्या कमी झाल्या आणि कर्मचाऱ्यांचे मोफत जेवणही बंद झाले. तिथे दोन अब्ज पौंड कोणी सहज खिशातून काढून देईल, हे पटायला जड जाते.

कोणाच्याही खिशाला चाट नाही, हेही घाईचे विधान आहे. मैदानालगतचे रेल्वेचे मालवाहतूक टर्मिनल हलवल्याशिवाय आराखड्यातला परिसर मोकळा होत नाही, त्या जागेचा मोबदला ठरावा लागतो, रस्ते आणि रूळ नव्याने आखावे लागतात, आणि अशा कामांत सरकारी पैसा येतोच. हलगा-मच्छे बायपासच्या जमिनीचा वाद इतकी वर्षे पाहिलेल्या बेळगावकराला, कागदावरची रेघ आणि प्रत्यक्ष ताब्यातली जमीन यांत केवढे अंतर असते, हे वेगळे सांगायला नको.

आराखडा जाहीर झाला त्या दिवशी छत्रीची चित्रे दाखवली गेली, बांधकामाचे सुटे भाग जहाजांच्या कालव्यातून आणून पाच वर्षांत काम उरकण्याची भाषा झाली, पण पैसा कसा उभा राहणार हे सांगितले गेले नाही. मामेभावाला मी उत्तरादाखल एवढेच विचारले आहे, की कर्ज कोणाच्या नावावर, किती वर्षांचे आणि किती व्याजाने, या तीन ओळी त्या मजकुरात कुठे आहेत ते दाखव. त्या दिसल्या तर नव्या मैदानाच्या बाजूने लिहायला मीही बसेन.