जावयाचा अँबुश

माझ्या मशिनगनवाल्याने गोळी झाडली होती. हे मी जेवताना म्हणतो, आणि बायको "पुरे आता" म्हणाली की मनात म्हणतो.

सासुरवाडी साताऱ्यात, पोवई नाक्याजवळ. मेव्हण्याला आणि मला व्यसन एकच: टेबलावर 28 मिलिमीटरचे सैनिक मांडून दुसरं महायुद्ध लढायचं. खेळ बोल्ट ॲक्शन. पिशवीत दोन्ही बाजूंच्या रंगांचे फासे. न बघता काढायचा, ज्याचा रंग निघेल त्यानं आपल्या एका तुकडीला हुकूम द्यायचा. त्यातला एक हुकूम अँबुश. म्हणजे आत्ता काहीच करायचं नाही, दबा धरायचा आणि शत्रू उघड्यावर आला की त्याची चाल अर्ध्यात तोडून गोळी घालायची.

यातली मजा गोळी न झाडण्यात आहे. माझी मशिनगन दोन घरांमधल्या बोळावर रोखलेली. ती गप्प होती तोवर मेव्हण्याची फौज अलीकडे ताटकळत. एकदा झाडली की धाक संपला, म्हणून समोरचा आधी आमिष पाठवतो. त्यानंही पाठवलं: तोफखान्याचा एकटा निरीक्षक, बोळात उगाच रेंगाळणारा. मी ढिम्म.

मग त्यानं अख्खी तुकडी पळवली. पळताना 12 इंच जाता येतं, बोळ जेमतेम 8 इंचांचा. सभ्य माणूस आधी कुठून कुठे जाणार ते सांगतो आणि मग सैनिक सरकवतो. यानं दोन्ही हातांनी भराभर उचलून पलीकडच्या भिंतीआड ठेवायला सुरुवात केली. "थांब! अँबुश!" मी ओरडलो तेव्हा निम्मे उघड्यावर होते.

"दाजी, चाल झाली की माझी," तो अत्यंत नम्रपणे म्हणाला. "तुम्ही उशिरा बोललात."

इथवर मी सांभाळून घेतलं असतं. पण सोफ्यावर मामा होते. बायकोचे मामा, अपशिंगे मिलिटरीचे. ज्या गावाच्या नावालाच मिलिटरी चिकटलीय, तिथले निवृत्त सुभेदार. ते उठले आणि माझा मशिनगनवाला उचलला. कंदी पेढ्याच्या बोटांनी.

"ह्यो गडी कवापासनं बसलाय हितं?"

"मागच्या टर्नपासून, मामा."

"आन् पानी?"

"पाणी नियमात नाही."

"जोडीदार?"

"हा काय, शेजारी."

"ह्यो झोपलाय."

"झोपला नाही मामा, आडवा होऊन पट्टा धरलाय त्यानं."

"डोळं कुठं हायेत त्येचं?"

सैनिक रंगवताना डोळे मी काढले नव्हते. 28 मिलिमीटरच्या माणसाचे डोळे कोण काढतं? मेव्हणा काढतो. तो विषय वेगळा.

"आन् खिडकीत कशापायी बसवलाय? खिडकीतला गडी पयला मरतो, जावईबापू. मागं घ्या, अंधारात." असं म्हणून मामांनी मशिनगन उचलून घराच्या पार पाठीमागे ठेवली. "आता बघा. दिसतोय का कुनाला?"

"नाही दिसत. पण मामा, त्यालाही काही दिसत नाही."

"मंग गप बसंल. वाचंल."

मेव्हण्यानं तत्काळ मोजायची टेप लावली. "मामांचं बरोबर आहे, दाजी. इथून बोळ दिसतच नाही. अँबुश लागूच होत नाही."

मामांचं बरोबर! 1659 साली जावळीच्या रानात दबा धरून बसलेले मावळे प्रतापगडावरच्या तोफेची वाट बघत होते. तोफ झाली आणि ते तुटून पडले. "तुम्ही उशिरा आलात, आमची चाल झाली" अशी हरकत खानाच्या छावणीतून आल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही. आणि हे इथे, प्रतापगडाच्या जिल्ह्यात!

नियम लिहिणारे प्रत्युत्तराच्या गोळीची किंमत मात्र चोख लावतात. वॉरहॅमर 40,000 हा असाच टेबलावरचा युद्धखेळ. त्याच्या 1993 च्या आवृत्तीत थांबून गोळी घालायची तर आपल्या पाळीत नेमबाजी सोडायची, वर नेमातून एक वजा. 2023 च्या आवृत्तीत एक कमांड पॉइंट, म्हणजे डावपेचांसाठी मिळणाऱ्या मोजक्या गुणांतला एक, मोजायचा आणि फाशावर सहा पडला तरच लागणार. सगळा भुर्दंड थांबणाऱ्याला. पळणाऱ्याच्या हाताचा वेग कुणी मोजत नाही. त्यात थांबणारा जावई असला की संपलंच. सासुरवाडीत मान म्हणजे पहिला पेढा. निकाल मेव्हण्याच्या बाजूनं.

मी चिडून म्हटलं, पुढच्या वेळी इन्फिनिटी खेळू. त्यात समोरच्यानं माझ्या नजरेसमोर काहीही केलं, तरी त्याच्या प्रत्येक हुकमाला प्रत्युत्तर द्यायचा हक्क मला आपोआप मिळतो.

"कुनाचा खेळ ह्यो?" मामांनी विचारलं.

"स्पेनचा."

"बैलांम्होरं पळत्यात ती मानसं न्हवं? मंग त्यास्नी कळतंय." मामा खूश झाले. "त्येला पंच म्या."

मेव्हणा त्यांच्यासाठी खुर्ची आणायला धावला. 12 इंचांच्या वर.