सुरण नाही, माझं कोपर आहे

रविवारी घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. दोन मिनिटांत मोठ्या नणंदबाईंचा मेसेज, "एवढं छान सुरण कुठे मिळालं गं? आमच्याकडे दिसतच नाही." भाच्याला चंद्रावरचे खड्डे दिसले. नवऱ्याने अंगठा दिला, म्हणजे बघितलाच नसणार.

तर ते माझं कोपर आहे. ५६ वर्षं वापरलेलं, त्यातली निम्मी ओट्याच्या कडेला टेकवलेलं.

हे खूळ लावलं जॉन कोप्लान्सने. १९२० साली लंडनमध्ये जन्मलेला हा गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकी पलटणीत होता. पुढे चित्रं काढली, अमेरिकेत गेला, १९६२ मध्ये 'आर्टफोरम' हे कलेचं मासिक सुरू करणाऱ्यांतला एक झाला, नंतर त्याचा संपादक, मग एका संग्रहालयाचा संचालक. थोडक्यात, जन्मभर दुसऱ्यांच्या कामाचा हिशेब मांडणारा माणूस. आणि १९८४ मध्ये, साठी उलटल्यावर, याने अंगावरचे कपडे उतरवले आणि स्वतःचेच फोटो काढायला घेतले. कृष्णधवल, मोठेच्या मोठे. पाठ, गुडघे, पावलं, बोटं. चेहरा मात्र एकातही नाही, आणि नाव काय, तर 'सेल्फ पोर्ट्रेट'!

त्याच वर्षीचा एक फोटो माझ्या डोक्यातून जात नाही. पाठमोरा माणूस, रुंद केसाळ पाठ. मान पुढे झुकवून दिसेनाशी केलेली आणि डोकं असायचं तिथे दोन मुठी वर आलेल्या, शेजारी शेजारी. पहिल्यांदा पाहिला तेव्हा हसायलाच आलं. बांधावर शिळा उभी केलीय आणि शेंदूर फासायचा राहिलाय, असं काहीतरी. मग बघतच बसले. त्यात कुठेही 'बघा मी कसा म्हातारा झालोय' असं रडगाणं नाही, पोट आत ओढून घेतलेलं नाही.

स्वतःची पाठ स्वतःला कशी दिसणार? त्यासाठी त्याने व्हिडिओ कॅमेरा लावला होता. समोरच्या पडद्यावर बघत अंग हलवायचं, हवं तसं जमलं की मदतनीस बटण दाबणार. पोलरॉइडची फिल्म, त्यामुळे निकाल जागेवर. माझ्याकडे मदतनीस नाही. तांदळाच्या डब्याला टेकवलेला फोन, दहा सेकंदांचा टायमर आणि फ्रोझन शोल्डर. दहा सेकंदांत हात वर नेईपर्यंत आठ जातात, उरलेल्या दोनांत कळ. एकोणिसाव्या फोटोत जमलं. दुपारचं तिरपं ऊन होतं, त्यात कोपरावरच्या सुरकुत्यांची वळणं नांगरटीसारखी उठून आली. आंघोळीत रोज हात लागतो त्या जागेला, पण मी ती कधी बघितलीच नव्हती.

आता मतभेदाचं. कोप्लान्सचं म्हणणं असं, की चेहरा काढला की शरीर एकट्याचं राहत नाही, पार आदिम पूर्वजांपर्यंत जातं. मला हे अर्धंच पटतं. चेहरा काढणं त्याच्यासाठी मोकळं होणं असेल. बाईचा चेहरा काढून उरलेलं अंग दाखवायची रीत मात्र जाहिरातवाल्यांनी कधीच पाडून ठेवलीय. कंबर एका जाहिरातीत, पाय दुसरीत. तिथे कोणाला पूर्वज आठवत नाहीत. तो उघडा झाला तर साठीतला धाडसी कलावंत, मी ब्लाउजची बाही कोपराच्या वर दुमडून फोटो टाकला तर धाकट्या जावेचा खाजगीत निरोप, "ताई, ग्रुपवर सासरेबुवा आहेत हं."

कोपर, बाई! कोपर!

तरीही मी त्याच्याच बाजूने आहे, कारण आमच्या ग्रुपवर रोज सतरा चेहरे येतात आणि सगळे ॲपमधून धुऊन, इस्त्री करून आलेले. माझ्याही चेहऱ्याला कॅमेरा दिसला की ताठ व्हायची सवय आहे. कोपराला ती नाही, त्याला हसता येत नाही. जवळून, चौकटीत घट्ट बसवून काढलं की ते सुरण होतं, दगड होतं, आणि मग मला त्याची लाज वाटेनाशी होते. सुरणाला कोण म्हणतं, किती काळवंडलंस? 'हे काय आहे' असा प्रश्न पडेपर्यंत त्या अवयवाला जी मोकळीक मिळते ना, मला तेवढीच हवी होती. उत्तर कळलं की पुन्हा बाही, सासरेबुवा वगैरे सुरू.

म्हणून खरं तर नणंदबाईंना सांगायलाच नको होतं. पण सांगितलं. बराच वेळ निळ्या टिका, उत्तर नाही. रात्री साडेदहाला, ग्रुपवर नाही, फक्त मला, एक फोटो आला. गुडघ्याचा. दोन वर्षांपूर्वी बदललेला, मधोमध टाक्यांची उभी रेघ, वर साडी नीट आवरून धरलेली. खाली लिहिलंय, "ओळख."

फोकस गेलाय. उद्या उजेडात परत काढा म्हणून कळवलंय.