‘बेटाला काय मिळाले?’: ब्लॉक आयलंडच्या पवनचक्क्यांवरील आक्षेपांचा प्रतिवाद

समुद्रातील पवनचक्क्यांविरुद्ध फिरणाऱ्या मजकुराचे सार थोडक्यात असे: किनाऱ्यावरच्या लोकांना त्यातून काहीच मिळत नाही, वीज महागते, मासे पळतात, पर्यटक पाठ फिरवतात, देवमासे मरतात आणि नोकऱ्या बाहेरच्यांना जातात, अमेरिकेतील ब्लॉक आयलंड पाहा. उदाहरण त्यांनीच दिले आहे, तेव्हा ते नीट पाहिलेले बरे.

ऱ्होड आयलंड राज्याच्या किनाऱ्यासमोरचे हे छोटे बेट. बारमाही वस्ती जेमतेम हजारभर, उन्हाळ्यात मात्र पर्यटकांची झुंबड. बेटाच्या आग्नेयेला सुमारे ६ किलोमीटरवर प्रत्येकी ६ मेगावॅटच्या ५ पवनचक्क्या डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झाल्या. अमेरिकेच्या समुद्रातील हा पहिला व्यावसायिक पवन प्रकल्प.

वीज महागली, हा पहिला आक्षेप बेटाविषयी आहे की राज्याविषयी, हे मजकुरात कोठेच स्पष्ट होत नाही, आणि सगळा घोटाळा तेथेच आहे. प्रकल्पापूर्वी बेटावरची वीज डिझेल जनरेटरवर तयार होई. त्यासाठी वर्षाला सुमारे १० लाख गॅलन, म्हणजे जवळपास ३८ लाख लिटर डिझेल फेरीबोटीने आणावे लागे आणि उन्हाळ्यात वीज युनिटमागे ५० सेंटच्या आसपास पडे. मे २०१७ मध्ये हे जनरेटर थांबले. त्याचे श्रेय पात्यांपेक्षा केबलला अधिक द्यावे लागेल. पवनचक्क्यांची वीज मुख्य भूमीवर नेण्यासाठी समुद्रतळातून जी केबल टाकली, तिनेच बेट पहिल्यांदा मुख्य भूमीच्या वीजजाळ्याला जोडले गेले. वारा पडला, की त्याच केबलने उलट दिशेने वीज येते. प्रकल्प नसता तर एवढ्याशा वस्तीसाठी ही केबल कोणी टाकली असती, असे मला वाटत नाही. तिच्यातील प्रकाशतंतूंमुळे बेटाला वेगवान इंटरनेटचाही मार्ग मिळाला. जनरेटरची घरघर आणि धूर थांबला, तो हिशेब तर बिलात दिसतच नाही.

याची दुसरी बाजू मजकूर लिहिणाऱ्यांना अधिक उपयोगी पडली असती, पण त्यांनी ती धड मांडलेली नाही. या पवनचक्क्यांच्या विजेचा करार युनिटमागे २४.४ सेंटपासून सुरू होणारा आणि दरवर्षी ३.५ टक्क्यांनी वाढणारा आहे; हा भार बेटावर नव्हे, तर राज्यभरातील ग्राहकांवर पडतो. केबलही बेटावरच्या एका पुळणीजवळ पुरेशी खोल पुरली न गेल्याने उघडी पडली आणि ती पुन्हा पुरावी लागली. हे दोष खरे आहेत. मात्र त्यांतून ‘स्थानिकांना काहीच मिळाले नाही’ हा निष्कर्ष निघत नाही. उलट स्थानिकांच्या लाभाची किंमत इतरांनी मोजली, असे म्हणता येईल.

मासे पळाले, या दाव्यासाठी कोणताही आधार दिलेला नाही. बांधकामापूर्वीपासून सात वर्षे ट्रॉलर जाळ्याने केलेल्या पाहणीत तळाशी राहणाऱ्या माशांवर ठळक विपरीत परिणाम आढळला नाही. ब्लॅक सी बास तर मनोऱ्यांजवळ वाढलेला दिसला. पोलादी पायांवर निळ्या शिंपल्यांचे, म्हणजे आपल्याकडच्या शिनाण्यांच्या जातकुळीतल्या जिवांचे, थर साचतात आणि मासे त्याभोवती जमतात. त्यामुळे गळाने मासेमारी करणाऱ्यांच्या होड्या तेथे मुद्दाम जातात. तळाशी जाळे ओढणाऱ्या ट्रॉलरवाल्यांची अडचण वेगळी आहे, कारण केबल आणि पाये यांच्यामध्ये जाळे ओढणे जोखमीचे असते. त्यांच्या तक्रारीला पाच मनोऱ्यांवरचा हा अभ्यास उत्तर देऊ शकत नाही, आणि शेकडो मनोऱ्यांच्या प्रकल्पाला तो जसाच्या तसा लावणेही चूक ठरेल.

पर्यटकांविषयीचा आक्षेप सर्वांत कच्चा आहे. बेटावरील भाड्याच्या घरांच्या आरक्षणांची आसपासच्या पर्यटनस्थळांशी तुलना केली असता, प्रकल्पानंतर जुलै-ऑगस्टमध्ये बेटावरची आरक्षणे आणि उत्पन्न दोन्ही वाढल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

देवमाशांबाबत अमेरिकेची सागरी संस्था ‘नोआ’ हिची भूमिका स्पष्ट आहे: मोठ्या देवमाशांच्या मृत्यूंचा पवन प्रकल्पांशी ज्ञात संबंध नाही. तपासलेल्या हंपबॅक देवमाशांपैकी बऱ्याच जणांवर जहाजाच्या धडकेच्या किंवा जाळ्यात अडकल्याच्या खुणा होत्या.

नोकऱ्यांच्या आक्षेपात मात्र तथ्य आहे. मनोऱ्यांचे पाये लुइझियानात बनले, विद्युतजनित्रांचे डबे फ्रान्समधील सें-नाझेरहून जहाजाने आले, आणि ५ चक्क्यांच्या देखभालीला कायमची माणसे लागतात ती थोडीच. तरीही बांधकामाच्या काळात राज्यातील कामगारांना काम मिळाले, आणि तंत्रज्ञांची ने-आण करणारी ‘अटलांटिक पायोनियर’ ही बोट ऱ्होड आयलंडमधल्याच वॉरन गावी बांधली गेली. या कामासाठी अमेरिकेत बांधलेली ती पहिली बोट होती.